रविवारी निकाल सांगायचा नाही

ताई, नवा हंगाम सुरू होऊन महिना उलटला आणि परवाच्या संध्याकाळपर्यंत मला पहिल्या शर्यतीचा निकाल माहीत नव्हता. या वाक्यात केवढं दुःख आहे ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार? ऑस्ट्रेलियात गाड्यांच्या शर्यती होतात, रस्त्यावर दिसतात तसल्याच दिसणाऱ्या गाड्यांच्या, आणि ओमानमध्ये बसून त्यांचा हंगाम जीव टाकून पाहणारी मराठी माणसं माझ्या माहितीत दोनच होती. एक मस्कतला हमरियात, एक तिकडे सहमला. एक भाऊ, एक बहीण. दोघांनाही लोक थोडे वेडे समजत आणि त्यात लोकांचं फारसं चुकत नव्हतं.

आपल्या इथल्या मंडळाला तुझी माहिती हवी होती. जन्म कुठला, शिक्षण काय, ओमानात किती वर्षं, कोणकोणत्या कार्यात सहभाग. दाजींनी ती नीट लिहून दिली. तीत तू इंजिनिअर आहेस, मनमिळाऊ आहेस, सर्वांच्या अडीअडचणीला धावून जाणारी आहेस. सगळं खरं आहे, खोटं काही नाही, पण तीत तू कोणीही असू शकतेस. वांग्याच्या रंगाची गाडी पुढे निघाली की टीव्हीवर उशी फेकून मारणारी बाई तीत कुठेच नाही. म्हणून हे मी वेगळं लिहितोय.

हल्ली मला दुपारी झोप लागते. एरवी दुपारच्या सुट्टीत मी कधी आडवा होत नव्हतो, तुला माहीत आहे. आता घरी येतो, जेवतो, पडदे ओढतो, एसीचा आवाज ऐकत पडतो आणि केव्हा डोळा लागतो कळत नाही. मग तू येतेस. तू तुझी पांढरी गाडी चालवतेस, मी शेजारी. बातिनाचा सरळ रस्ता, डावीकडे खजुरांच्या पलीकडे समुद्र, धुक्यासारखी धूळ. खाबुरा गाव जातं, पुन्हा खाबुराच येतं. मग तो रस्ता हळूहळू चढायला लागतो आणि माझ्या लक्षात येतं की हा आपला रस्ता नाही, हा ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीचा, बॅथर्स्टचा डोंगर आहे. दोन्ही बाजूंना भिंती, खाली हिरवंगार काहीतरी. मागून शर्यतीच्या गाड्या येतात, आवाज न करता आपल्या बाजूने निघून जातात. मी म्हणतो, "ताई, सगळे पुढे गेले." तू म्हणतेस, "जाऊ दे रे. त्यांना घाई आहे." आणि तू खिडकीची काच खाली करतेस. मला जाग येते तेव्हा हाताला वारा लागलेला असतो, आणि थोडा वेळ मी तसाच पडून राहतो.

स्वप्नातसुद्धा तू नव्वदच्या वर जात नाहीस, याचं मला हसू येतं. आयुष्यभर शर्यती पाहिल्यास आणि बातिनाच्या रस्त्यावर तुझ्याइतकं हळू कोणी गाडी चालवली नसेल. पाण्याचे टँकर तुला हॉर्न मारून पुढे जायचे. ईशा परवा म्हणाली, "बाबा, आत्याच्या कारमध्ये मला नेहमी स्लीप यायची. तुझ्या कारमध्ये नाही येत." मी तिला विचारलं, का गं? तर म्हणाली, "तू फास्ट जातो आणि अँग्री असतो." बघ, नऊ वर्षांच्या पोरीने तुझी बाजू घेतली.

हे वेड लागलं तेही त्या पांढऱ्या गाडीमुळेच. मी नुकता आलो होतो. हमरियात एका खोलीत चौघे बॅचलर, खाली मलबारी हॉटेल, तीन वेळा परोटा. शुक्रवारी मी बस पकडून सहमला यायचो आणि तू मला माणसासारखं जेवायला घालायचीस. असंच एकदा जेवण झाल्यावर दाजी घोरत होते आणि तू डिशची चॅनलं चाळत होतीस. एका चॅनलवर गाड्या पळत होत्या. तू रिमोट ठेवलास, पुढे वाकलीस आणि ओरडलीस, "संज्या, अरे ही तर माझी गाडी!"

आणि होतीच. तुझी ती सेकंडहँड सेडान ऑस्ट्रेलियात बनली होती. आखातात ती दुसऱ्या नावाने विकत, तिथे ती शर्यतीत पळे. पुढचे दिवे बदललेले, अंगभर जाहिराती, मागे मोठा पंख, पण अंगकाठी तीच. तू बाहेर जाऊन गाडीला एक फेरी मारून आलीस आणि म्हणालीस, "हिच्या घरचे लोक एवढे नावाजलेले आहेत आणि आपण हिला भाजी आणायला नेतो." तुझं माहेर तिकडचं ठरलं म्हणून मी लगेच विरुद्ध कंपनी धरली. भावाचं कर्तव्यच ते. आपण लहानपणी कॅरमलासुद्धा कधी एका बाजूला बसलो नाही.

ड्रायव्हरांची नावं तुला कधी पाठ झाली नाहीत. गाड्या तू रंगावरून ओळखायचीस आणि बारसं स्वतः करायचीस. जांभळी ते वांगं. केशरी ती जिलबी. हिरवी-पांढरी ती मुळ्याची पेंडी. माझी निळी ती, का कोण जाणे, पोस्टमन. पुढच्या वर्षी जाहिराती बदलल्या की रंग बदलायचे आणि मग हंगामाआधी पुन्हा नावं ठेवायला बसावं लागायचं. जांभळा रंग कुठल्याही गाडीने घेतला तरी तुझा राग त्याच रंगावर, आतला माणूस कोण हे तू बघतच नव्हतीस. असा अन्याय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मग रविवारचा नियम आला. तिकडे रविवार म्हणजे सुट्टी, मोठी शर्यत त्याच दिवशी. आपल्याकडे रविवार म्हणजे कामाचा पहिला दिवस. तिकडची दुपार ती आपली सकाळ, म्हणजे नेमकी ऑफिसची वेळ. शर्यत थेट बघायची सोय नाही. इंटरनेटवर रेकॉर्डिंग मिळायला लागलं तेव्हा आपण ठरवलं, ते संध्याकाळी एकत्र बघायचं, तू तिकडे, मी इकडे, फोन कानाला. तोवर कोणी निकाल बघायचा नाही. पहिल्याच खेपेला दुपारी तुझा फोन आला. तू नुसतं "अरे" म्हणालीस आणि मला कोण जिंकलं ते कळलं. तुझा आवाजच चुगलखोर. म्हणून मी कलम वाढवलं: रविवारी संध्याकाळपर्यंत फोन नाही, मेसेज नाही, जयभीमसुद्धा नाही.

संध्याकाळी चहा घेऊन बसायचं. आधी दोघांनी एकेक गाडी सांगायची. ज्याची गाडी मागे राहील तो हरला, आणि हरणाऱ्याने येत्या शुक्रवारी मासे करून घालायचे. मग "एक, दोन, तीन, यल्ला" म्हणून दोघांनी एकदम बटण दाबायचं. तुझं चित्र माझ्यापेक्षा किंचित पुढे असायचं आणि तू मला "थांब, थांब, आता बघ" म्हणायचीस. हरायचीस मात्र बहुतेक तूच. सहमच्या बाजारातून सुरमई आणायचीस, हळद-मीठ लावून ठेवायचीस, आणि मी ऐटीत बसून तुला समजावून सांगायचो की टायर कधी बदलायचे असतात, पावसात कोण चांगलं चालवतो, तुझा अंदाज कुठे चुकला. तू तव्यावरची तुकडी उलटत म्हणायचीस, "हो रे बाबा, तुला फार कळतं."

तुझ्या गाडीच्या कंपनीने तिकडचा कारखाना बंद केला त्या दिवशी तू दाजींना स्वयंपाक करायला लावलं होतंस. सुतकच पाळलंस. काही वर्षांनी शर्यतीतूनही ते नाव गेलं. तरी तू तिच्याच वारसांना धरून राहिलीस. आणि या वर्षी, नव्या हंगामात, आणखी एक जपानी कंपनी पहिल्यांदाच उतरणार अशी बातमी आली आणि तू सगळा हिवाळा तिच्याच गोष्टी करत बसलीस. इथे सहमला ज्याच्या दारात त्यांचा पिकअप नाही असा शेतकरी दाखव, म्हणालीस. इथली खजूर, इथल्या बकऱ्या, इथलं लग्नाचं सामान, सगळं त्यांच्या गाड्या वाहतात, मग मी त्यांना का नको धरू? मी म्हटलं, याला पक्षांतर म्हणतात. तू म्हणालीस, ज्यांनी स्वतःच दुकान बंद केलं त्यांच्या दारात मी किती वर्षं उभी राहू? शनिवारी संध्याकाळी फोनवर हेच भांडण चाललं होतं. मी शेवटी चिडून "तू गद्दार आहेस" म्हणालो. तू म्हणालीस, "उद्या संध्याकाळी बोलू." आणि फोन ठेवलास.

ताई, मी तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द "गद्दार" आहे. एवढ्या मोठ्या मराठी भाषेत मला तेवढाच सापडला.

रविवारी दुपारी चार वाजून गेल्यावर तुझ्या नंबरवरून फोन आला. मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. मला वाटलं, जपानी गाडी जिंकली, हिला राहवत नाहीये. मी मेसेज टाकला, "निकाल नको! फसवणूक चालणार नाही. संध्याकाळी." मग दाजींच्या नंबरवरून फोन आला आणि मी हसत उचलला. म्हटलं, आता हे पण फितूर झाले. दाजी म्हणाले, "संजू, सुनंदा उठत नाहीये रे. चहा घेऊन गेलो उठवायला." आधीचे दोन्ही फोन त्यांचेच होते. तुझा मोबाइल उशाशी होता, तोच त्यांच्या हाताला लागला.

तुझ्या-माझ्यासारख्या येड्यांशिवाय बहिणीच्या घरून आलेला असा फोन कोणी कापला नसता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्यांना कळलंही नसेल. उचलला असता तरी काही फरक पडला नसता, हे मला समजतं. समजून उपयोग काय? त्या दोन मिनिटांत दाजी तिथे एकटे उभे होते आणि त्यांच्या हातातल्या तुझ्या फोनवर माझा उद्गारचिन्हवाला मेसेज उमटला.

पुढचं सगळं धुरकट आहे. कागद, विमान, नाशिक, लोक, परत विमान. परत आल्यावर मात्र एक गोष्ट मनाला डाचायला लागली आणि ती सुटेना. हिवाळाभर तू त्या गाडीची वाट पाहिलीस आणि ती पळालेली न बघताच गेलीस. मोठमोठ्या गोष्टी राहून गेल्या असतील. नाशिकचा फ्लॅट, दाजींबरोबरची श्रीलंका. त्यांचं मला एवढं काही वाटलं नाही. बॅथर्स्टचंसुद्धा नाही, जिथे तुला एकदा स्वतः गाडी चालवायची होती. तो डोंगर एरवी साधा गावचा रस्ता आहे आणि तिथे साठची मर्यादा आहे हे कळल्यावर तू टाळ्या वाजवल्या होत्यास, "साठ! माझ्यासाठीच बांधलाय." तेही जाऊ दे. पण ही एक शर्यत, काही तासांनी तर बघायची होती. तेवढंही तुला मिळू नये, याचा मला राग येत होता. कोणावर, ते सांगता येत नव्हतं.

म्हणून मीही बघितली नाही. निकालही कळू दिला नाही. दुसरी फेरी झाली, तीही तशीच. फोनवरच्या बातम्या बंद केल्या. ईशाने विचारलं, "बाबा, मी चेक करून फक्त तुझ्या कानात सांगू?" मी तिच्यावर इतका ओरडलो की तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझ्या डोक्यात साधा हिशेब होता: निकाल कळत नाही तोवर तो रविवार संपलेला नाही. संध्याकाळ व्हायचीय. तू चहा टाकतेयस. असा किती दिवस काढणार होतो, मला माहीत नाही. मनाला गुंगी आली होती आणि ती बरी वाटत होती.

गेल्या शुक्रवारी तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मस्कतहून, सोहारहून आपली माणसं आली होती. पांढरे कपडे, मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील. दाजी सगळ्यांत मागे बसले होते, पाहुण्यासारखे. कार्यक्रम आटोपून लोक जेवायला उठत होते तेवढ्यात तुझे अर्बाब आले. पायघोळ पांढरी दिशदाशा, एका हातात हलव्याचा डबा, दुसऱ्या हातात काठी. तुझ्या कंपनीचे मालक, पण दारात चपला काढून ते सरळ जमिनीवर माझ्याशेजारी बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

मग म्हणाले, "संजू भाई, तुम्हारा सिस्टर के बिना ऑफिस खलास. संडे सुबह हम अकेला बैठता है. टीवी भी नहीं खोलता."

मी विचारलं, "कौनसा टीवी?"

"वो बडा स्क्रीन, ड्रॉइंगवाला. संडे को हम दोनो उसपे रेस देखता था ना. शुरू से आखिर तक. मैं कहवा लाता था, वो नाश्ता का डब्बा खोलती थी. कितना साल!"

मला काही कळेना. मी म्हटलं, "संडे सुबह? लाइव्ह?"

अर्बाब हसले. डोळे पुसत हसले. "भाई को मत बोलना, बोलती थी. शाम को उसके साथ फिर से देखेगी, उसको नहीं मालूम. मैं बोला, सिस्टर, एक ही रेस दो बार? बोली, अर्बाब, सुबह मैं गाडी देखती हूँ, शाम को भाई को देखती हूँ."

ताई, मी त्यांच्याकडे वळलो. मग धीर करून विचारलं, "वो दिन भी? आखरी संडे?"

"वो दिन भी. पूरा देखा. नया गाडी आया तो खडी हो गयी, ताली बजाया. बहुत हसी. बोली, मेरा भाई कल मुझे गद्दार बोला, आज शाम को उसका मजा लेती हूँ. और वो नया गाडी, संजू भाई, पहला टर्न पे..."

मी दोन्ही हातांनी कान झाकले. "अर्बाब, रिझल्ट नहीं! रिझल्ट नहीं!" पुण्यानुमोदनाला आलेली सगळी माणसं जेवणाची ताटं हातात धरून माझ्याकडे बघायला लागली. अर्बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान डोलावली. "इन्शाल्ला तुम खुद देखेगा," म्हणाले.

बघितली होतीस तर! सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, टाळ्या वाजवत, हसत. छातीवरून एक दगड कोणीतरी उचलून नेला. मी बाहेर अंगणात आलो आणि तुला मोठ्याने "लबाड" म्हणालो. इतकी वर्षं! मी बिचारा रविवारी ऑफिसात कोणी कॉम्प्युटर उघडला तरी मान फिरवायचो, आणि तू तिकडे डबा खात शर्यत बघत होतीस. आणि संध्याकाळी काय तो अभिनय! "अरे बापरे, आता काय होणार?" म्हणून श्वास रोखायचीस. आपल्या मंडळाच्या नाटकात तू दोन वाक्यं विसरली होतीस, लोक म्हणाले हिला अभिनय येत नाही. लोकांना काय माहीत.

तेव्हा कुठे दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. मला शिरायला वेळच लागतो. निकाल तुला सकाळीच माहीत असायचा. मग संध्याकाळी तू गाडी कुठली सांगायचीस? हरणारी. दर वेळी नीट बघून, माझ्या गाडीच्या मागे राहणारी गाडी सांगायचीस. म्हणजे शुक्रवारी मासे तुझ्याकडे. म्हणजे हमरियातल्या खोलीतून मी सहमला येणार, परोट्याऐवजी भात खाणार, आणि उपकार झाल्यासारखं न वाटता, जिंकलेल्या माणसाच्या रुबाबात खाणार. एरवी मी दर शुक्रवारी आलो असतो का? नसतो आलो. मला संकोच होता, तुला ठाऊक होतं. आणि ईशा झाली त्या वर्षी तू अचानक जिंकायला लागली होतीस, आठवतंय? सारखी जिंकत होतीस. मी म्हणायचो, हिचं नशीब फळफळलं. दर शुक्रवारी दाजींना घेऊन हमरियाला यायचीस, येताना मासे तूच आणायचीस, मला ओट्यापाशी उभंही राहू द्यायची नाहीस आणि बाळंतिणीला आधी वाढायचीस. हरणाऱ्याने करायचं हा नियम तेव्हा कुठे गेला होता, हे मला त्या वर्षात एकदाही सुचलं नाही. टायर कधी बदलायचे ते मात्र मी तुला सांगत होतो.

दाजी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. मी विचारलं, "दाजी, तुम्हाला माहीत होतं?"

"काय? सकाळचं? मला माहीत नसून कसं चालेल?" दाजी म्हणाले. "दर रविवारी जेवताना अख्खी शर्यत ऐकावी लागायची मला. कोण कोणाला घासून गेला, कोणाचं चाक निघालं. वरण गार व्हायचं. त्या दिवशी तर दोन वेळा ऐकवली."

"मग ती मुद्दाम हरायची?"

दाजींनी नळ बंद केला. पातेलं पुसलं, जागेवर ठेवलं. "ते मला नको विचारू," म्हणाले. "बहीण-भावाच्या भानगडीत मी कधी पडलो नाही."

परवा रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. खाबुऱ्याचं त्यांचं पाण्याच्या पंपांचं दुकान बंद करून घरी आले होते. आधी हवापाणी, मग ईशाची परीक्षा. मग म्हणाले, "संजू, ती पहिली शर्यत राहिलीय ना तुमची? लावू या का? मला ते लावता येत नाही, कुठे दाबायचं तेवढं सांग." मी सांगितलं. दोनदा सिनेमाच लागला, एकदा बातम्या. शेवटी गाड्या दिसायला लागल्या. मागून चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला.

"आता गाडी सांगायची असते ना?" दाजींनी विचारलं.

"हो. मी पोस्टमन. तुम्ही?"

"वांगं," दाजी म्हणाले.

"दाजी, वांगं? ताई काय म्हणेल?"

"वांगं म्हणजे वांगं. आणि ते तुमचं एक-दोन-तीन तू म्हण, मला नाही जमायचं."

मी एक, दोन, तीन म्हणालो. यल्ला दाजींनीच म्हटलं, अगदी हळू. मग आम्ही दोघांनी ती शर्यत पाहिली. दाजींना पिवळा झेंडा कशासाठी ते माहीत नव्हतं, मला सांगताना बरं वाटलं. तुझी नवी गाडी आली तेव्हा मी तुझ्यासारखाच पुढे वाकलो. पहिल्या वळणावर काय झालं आणि शेवटी कोण जिंकलं ते मी इथे लिहीत नाही, तुला माहीत आहे. तू गद्दार नव्हतीस एवढं मान्य करतो. ती गाडी दिसायलाच इतकी देखणी आहे की कोणाचंही मन फिरावं.

वांगं मात्र अर्ध्या शर्यतीपर्यंतही पोचलं नाही. मागून धूर निघायला लागला, ते लंगडत आत आलं, माणसांनी त्याचं झाकण उघडलं आणि कोणीतरी मान हलवली. बाकी सगळ्या गाड्या पळत होत्या, तेवढं एकच थांबलं होतं.

"अरेरे," दाजी म्हणाले. आवाजात दुःख काही नव्हतं. "हरलो बुवा. आता शुक्रवारी मासे माझ्याकडे. ईशाला आण, तिच्या आईला आण. सकाळीच निघा, म्हणजे बाजार मिळेल."

ज्या माणसाला तू ती शर्यत जेवताना दोनदा ऐकवली होतीस, तो माणूस हे म्हणत होता, ताई. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. पण इतकी वर्षं तू मला जे कळू दिलं नाहीस, ते कळल्याचं मी त्यांना कळू दिलं नाही.

"हरलात तर हरलात," मी म्हटलं. "येतो शुक्रवारी. पण दाजी, वांगं निवडायचं नसतं. गाड्यांचं तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही."

"हो रे बाबा," दाजी म्हणाले, "शिकव मला."